पाव सुताची वात

लाकूडकामाच्या त्या सगळ्या गल्लीत माझ्या मामाला खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. त्याला म्हणत पावसूत. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत, आणि त्या सुताचाही चौथा हिस्सा म्हणजे पाव. एवढ्याशा फरकासाठी मामा तयार झालेला ड्रॉवर पुन्हा खोलायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, बसतोय की व्यवस्थित!" मामा म्हणायचा, "बसतोय, पण कुरकुरत बसतोय," आणि रंधा हातात घ्यायचा. शेजारचे सुतार त्याची टर उडवत. तरी स्वतःच्या घरच्या खिडक्या मात्र त्याच्याकडूनच करून घेत.

नोकरी लागल्यावर पहिली पाच-सहा वर्षं मी मामाकडेच राहिले. खाली कारखाना, बाहेरून वर जाणारा लोखंडी जिना, वर दोन खोल्या आणि एक अरुंद स्वयंपाकघर. सकाळी आंघोळ करून बाहेर पडले की केसांना साबणाचा वास येण्याऐवजी लाकडाचा यायचा. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या बाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "तू काय कपाटात झोपतेस का गं?" मी ते घरी येऊन सांगितलं तर मामा दोन दिवस खूश होता.

मी राहायला गेले तेव्हाच त्याचे डोळे जायला लागलेले होते, पण हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही. नजरेच्या कडा तेवढ्या आत आत सरकत येतात. फळीचं डावं टोक दिसेनासं झालं तेव्हा मामाने फळी उजवीकडे सरकवून घेतली. मग उजवं टोकही दिसेना. वर्षभर त्याने मामीला काडीचा पत्ता लागू दिला नाही. जिन्याच्या पायऱ्या मोजून चढायचा आणि आम्हाला वाटायचं, गुणगुणतोय.

शेवटी त्याने कारखाना बंद केला तो एका कपाटामुळे. गिऱ्हाईक कपाट न्यायला आलं, दार उघडून पाहिलं, बंद करून पाहिलं, काही न बोलता घेऊन गेलं. त्या दिवशी मामा जेवायला वर आला आणि ताटाला हात न लावता म्हणाला, "उद्यापासून काम बंद."

मामी हबकलीच. "अहो, असं काय झालं एकदम?"

"बिजागरी वाकडी बसली असणार."

"तो म्हणाला तसं?"

"काहीच म्हणाला नाही. तीस वर्षं गिऱ्हाइकांची कटकट ऐकतोय मी. माणूस बोलत नाही म्हणजे त्याला दिसलंय, आणि त्याला माझी दया आलीय." मग म्हणाला, "मला नाही दिसलं."

मग धावपळ सुरू झाली. डॉक्टर, थेंब, एक शस्त्रक्रिया. उशीर झालेला होता. आठ महिन्यांत उरलंसुरलं गेलं. खिडकी उघडी आहे की बंद, हे त्याला वाऱ्यावरून ओळखावं लागे. मोठी यंत्रं विकून टाकली. कारखान्याला कुलूप घालून त्याने किल्ली मामीकडे दिली, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून तो जो बसला तो बसलाच. माणूस तोच, पण घरात पाहुण्यासारखा. चहा आला की "आभारी आहे" म्हणायचा. त्या शब्दाने मामीच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मेणबत्त्यांचं काम मामीने याच काळात काढलं. दिवसभर घरात राहूनच काहीतरी करायला हवं होतं. कोपऱ्यावरच्या फुलवालीने तिला सुचवलं की काचेच्या ग्लासातल्या सुगंधी मेणबत्त्या मी दुकानात ठेवते, तू करून दे. मामी मेणाचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवायची, सुती वात ग्लासाच्या मधोमध दोन काड्यांच्या आधाराने उभी धरायची आणि श्वास रोखून मेण ओतायची. ओतताना तिच्याशी बोललेलं चालत नसे. संध्याकाळी त्यातली एक जेवणाच्या टेबलावर लावायची. वात नीट जळते का, मेण कडेपर्यंत वितळतं का, हे बघायला.

मामाला त्या मेणबत्तीचा राग यायचा. "लागलीय का?" तो विचारायचा.

"लागलीय हो."

दहा मिनिटांनी पुन्हा, "अजून आहे का?"

एकदा त्याने विचारलं नाही. हात पुढे करून स्वतःच चाचपायला गेला, आणि शर्टाची बाही करपली. मामीने ओल्या फडक्याने झटकन विझवली आणि घाबरल्यामुळे भरपूर बोलली. मामा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मला कसं कळणार? ती जळते तेव्हाही गप्प, विझते तेव्हाही गप्प."

ते वाक्य मामीच्या डोक्यातून गेलं नाही. आठवड्याभराने ती फुलवालीकडून काहीतरी ऐकून आली. सुती वातीच्या जागी लाकडाची चपटी पट्टी लावलेल्या मेणबत्त्या असतात म्हणे, आणि त्या जळताना तडतडतात, शेकोटीसारख्या. मामाला काही न सांगता तिने आइस्क्रीमच्या काड्या धुऊन वाळवल्या, एकेक मेणात उभी केली आणि पेटवली. पहिली मिनिटभर जळून विझली. दुसरीने नुसता धूर काढला. तिसरी पेटलीच नाही. मामीने कपाळावर हात मारला.

"काय चाललंय?" खुर्चीतून आवाज आला. "लाकूड जळल्याचा वास येतोय."

मामीला सांगावंच लागलं. मामाने हात पुढे केला. "दे बघू इकडे." त्याने काडी अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून फिरवली, टोकावर नख आपटलं, आणि कित्येक महिन्यांनी हसला. मनापासून, खांदे हलवून.

"अगं, ही वात आहे की दाराची चौकट? एवढं जाड लाकूड मेण वर ओढणार कसं? ज्योतीला पोटभर मिळायला नको?"

"मग किती जाड हवी?"

तो विचारात पडला. काडीवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "पाव सूत."

मी तेव्हा ताटं मांडत होते. मामी माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. दोघींनाही हसू आवरेना. मामा वैतागला, "यात हसण्यासारखं काय आहे?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी किल्ली घेतली आणि त्याचा हात धरून खाली नेऊ लागले. चार पायऱ्यांनंतर त्याने हात सोडवून घेतला. "बावीस आहेत, मला माहितीये." कुलूप गंजलं होतं, दोनदा झटका द्यावा लागला. दार उघडलं तसा आतला कोंडलेला वास अंगावर आला, आणि मामा उंबऱ्यात थबकला. मला वाटलं, आता मागे फिरतो. तो म्हणाला, "डावीकडच्या फडताळात खालच्या कप्प्यात लहान रंधा आहे. फडक्यात गुंडाळलेला. आणि एका जुन्या पलंगाचे चेरीच्या लाकडाचे तुकडे असतील बघ, तांबूस."

मी दोन्ही शोधून दिलं. त्याने रंध्याचं पातं काढलं, दगडावर थेंबभर तेल टाकून घासायला बसला. घासता घासता कान दगडाकडे झुकवायचा. धार आली की नाही ते अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून बघायचा. मग तुकडा शिकंज्यात आवळून त्याने रंधा चालवला. सर्रर्र. एक लांब, तांबूस साल गुंडाळत बाहेर आली. ती त्याने बोटांत धरली, पिळली, टाकून दिली. दुसरी. तिसरी.

"पातळ आहे. फरफर जळून जाईल. आणि जाड काढायला गेलो तर फाटते." असं पुटपुटत त्याने दोन साली एकावर एक ठेवल्या आणि चिमटीत धरल्या. "आता झाली बरोबर."

त्या जोडसाली पाण्यात भिजवून, दोन फळ्यांमध्ये दाबून, दोन दिवस वाळवल्या. कात्रीने पट्ट्या कापायचं काम माझ्याकडे आलं. लाकडाच्या रेघा खालून वर जायला हव्यात, आडव्या नाहीत, हे त्याने मला इतक्या वेळा बजावलं की मी झोपेतही सांगू शकले असते. मामीने पत्र्याच्या चिमटीत पट्टी उभी करून मेण ओतलं.

पहिली विझली. मामा म्हणाला, मेण ओलं. मामी म्हणाली, लाकूड ओलं. दोघांची चांगलीच जुंपली. मला मात्र बरं वाटत होतं, कारण कित्येक महिन्यांत ती दोघं भांडली नव्हती. दुसरीही विझली. तिसऱ्या वेळी मामीने वात मेणाच्या वर अर्ध्या नखाएवढीच ठेवून बाकीची कापून टाकली. तेवढीच गोम होती. उंच वातीपर्यंत मेण पोचत नव्हतं.

संध्याकाळचे सहा वाजले असतील. काडी ओढली. ज्योत वातीच्या एका टोकाला लागली आणि हळूहळू आडवी पसरत दुसऱ्या टोकापर्यंत गेली, एखाद्या ठेंगण्या कुंपणासारखी. आम्ही वाट बघत बसलो. काही वेळ काहीच नाही. मग तड्. पुन्हा तड्, तडतड.

मामाने मान वर केली. तो खुर्चीत पुढे सरकला, दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले.

"लागली," तो म्हणाला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मामी पदराने चष्मा पुसत राहिली. जेवण होईपर्यंत मामाने एकदाही विचारलं नाही की मेणबत्ती आहे की गेली. मध्येच म्हणाला, "लहानपणी आमच्याकडे चुलीशी बसायची जागा ठरलेली होती. माझी डावीकडे." मग त्या घराबद्दल, त्याच्या वडिलांबद्दल, कुणाला कधी न सांगितलेलं बरंच काही सांगत बसला. माझ्या आईच्याही लहानपणच्या कितीतरी गोष्टी मला त्या टेबलावर कळल्या.

मग रोजचा रिवाजच पडला. सकाळी नऊला मामा खाली, अकराला वर, खिशात सालींची भेंडोळी. चहा आला की पुन्हा "साखर कमी आहे" म्हणायला लागला, आणि मामीचा जीव भांड्यात पडला. वात फार वाढली की तडतड बदलते, ते त्याला आमच्या आधी कळायचं. "आवाज फाटला. काप जरा," तो म्हणायचा, आणि बघावं तर खरंच काजळी धरलेली असायची. फुलवालीकडे त्या मेणबत्त्या हातोहात खपू लागल्या. कुणी घेऊन गेलं की मामा विचारायचा, "कोण होतं? काही म्हणाले का?" मामी कधी कधी थोडं वाढवूनही सांगायची.

दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्यात एका हॉटेलाने दोनशे मेणबत्त्या मागवल्या. त्या आठवड्यात संध्याकाळी टेबलावर मेणबत्ती लागली, तडतडली, आणि मामा जेवता जेवता थांबला.

"ही माझी नाही."

मामीचा घास हातातच राहिला. "तुमचीच आहे की."

"खोटं बोलू नकोस. ही सगळी एकाच सुरात तडतडतेय. यंत्राची आहे."

ती खरंच यंत्राने कापलेली होती. मामीने बाजारातून तयार वातींची पाकिटं आणली होती आणि पिठाच्या डब्यामागे लपवली होती. मामा ताटावरून उठला. दोन दिवस कारखान्यात गेला नाही, बोललाही नाही. मी मध्यस्थी करायला गेले तर दोघांनीही मला गप्प बसवलं.

तिसऱ्या दिवशी मामीच खुर्चीशी स्टूल ओढून बसली. तिने त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या सांध्यावर बोट ठेवलं. मामा कळवळला.

"तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं," ती म्हणाली. "सहा महिने झाले, हे असंच सुजलेलं आहे. सकाळी शर्टाची बटणं मी लावते, का? दोनशे वातींत हा हात कायमचा गेला असता. मग मी काय करायचं होतं, तुम्हीच सांगा."

मामा म्हणाला, "सांगायचं होतंस."

"तुम्ही सांगितलं होतं का? डोळ्यांचं?"

तो नाकातल्या नाकात हसला आणि हात तसाच राहू दिला. थोड्या वेळाने म्हणाला, "विकायच्या असतील त्यांत ते पाकिटातलं घाल. घरात जळेल ती माझी." आणि तसंच ठरलं. आठवड्याला सातच वाती, दुखेल तेव्हा सुट्टी.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं. मी दुसऱ्या गावी गेले. फोन केला की मामा म्हणायचा, "थांब, फोन मेणबत्तीजवळ नेतो," आणि त्या तडतडीत मला ते टेबल, तेलाने चकाकणारा तो दगड, मामीचा मेणाने कडक झालेला टॉवेल, सगळं दिसायचं. तो आणखी सहा वर्षं जगला. एका दुपारी जेवून खुर्चीत टेकला आणि तिथेच गेला. त्या सकाळी तो खाली जाऊन आलेला होता. शर्टावर लाकडाचा भुगा होता, तो मामीने झटकू दिला नाही.

त्यानंतरच्या थंडीत मी महिनाभर मामीकडे राहायला गेले. खालची जागा भाड्याने गेली होती, तिथे कुणीतरी सायकली दुरुस्त करत होतं. वर एका पत्र्याच्या डब्यात मामाने केलेल्या वाती उरल्या होत्या. मी मोजल्या नाहीत, पण वीसेक असाव्यात. मामी रोज संध्याकाळी त्यातली एक घ्यायची. डबा रिकामा होत चाललेला बघून मला राहवेना. मी म्हटलं, "मामी, एक तरी ठेव ना. आठवण म्हणून."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले होते. "ठेवून काय करू गं? त्यांनी जाळायलाच केल्यात."

आणि काडी ओढली. आम्ही दोघी टेबलाशी बसून मटार सोलत होतो. शेजारची आली, तिलाही मामीने मूठभर शेंगा सोलायला दिल्या.