पाचशे एकोणनव्वद

माझा दादा कधी चिडत नाही, हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष. आमच्या घरातलं चिडायचं सगळं काम माझ्याच वाट्याला आलंय.

दादा कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. सव्वीस वर्षं झाली. कपाटं उघडायची, उपकरणं मांडायची, पोरं गेली की पुसून पुन्हा आत ठेवायची. सगळं कॉलेज त्याला मामा म्हणतं. खरी भाची एकच, माझी बारकी, आणि तीही त्याच कॉलेजात, त्याच लॅबमध्ये. मी विचारायचे, "एवढी भाचरं सांभाळून दमत कसा नाहीस रे?" तो म्हणायचा, "दमतो की. सांगतो कुणाला?"

ते मात्र खरं. मी दवाखान्याच्या लॉन्ड्रीत असते, दिवसभर उभ्यानं चादरींच्या घड्या. संध्याकाळी पाय सुजतात आणि मी घरात पाऊल टाकल्या टाकल्या सगळ्यांना ते ऐकवते. दादाचेही सुजतात. ते मला वहिनीकडून कळतं.

तर लॅबची गोष्ट अशी की बॅचला पोरं वीस आणि धड चालणारी उपकरणं सहा. एकाचा स्क्रू ढिला, दुसऱ्याच्या काचेला चरे. प्रयोगाला वेळ तीन तास. उत्तर पुस्तकाशी जुळल्याशिवाय सर जर्नलवर सही करत नाहीत, आणि सही नाही तर परीक्षा नाही. मग रडकुंडीला आलेली पोरं मामाच्या टेबलाशी घोटाळायला लागतात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याला एका पोरीची दया आली. हळूच म्हणाला, "या उपकरणावर एवढं एवढं रीडिंग आलं ना, की उत्तर बरोबर येतं बघ." झालं! एकीला दिलं, मग दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? भीड भिकेची बहीण. पुढं पुढं सगळे आकडे त्याला तोंडपाठ झाले. प्रत्येकाला थोडे इकडचे तिकडचे द्यायचा, म्हणजे सगळ्यांची पानं सारखी दिसायला नकोत. सरांना ठाऊक नव्हतं असं नाही. सरांनाही वेळेवर घरी जायचं असतं.

दोन वर्षांपूर्वी सोडियमचा दिवा गेला. त्याच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी मोजायचा एक प्रयोग असतो, उत्तर येतं पाचशे एकोणनव्वद. नव्या दिव्यासाठी दादानं चार वेळा ऑफिसात अर्ज दिला. दिवा काही आला नाही. प्रयोग मात्र चालूच राहिला, दिव्याशिवाय! पोरं अंधाऱ्या खोलीत जायची, मोबाइलवर टिवल्याबावल्या करायची, बाहेर येऊन मामाकडून आकडे घ्यायची. उत्तर पाचशे एकोणनव्वद, खाली सरांची सही.

आणि आमच्या बारकीला उन्हाळ्यात संशोधनाला जायचं होतं. एका मोठ्या संस्थेत दोन महिने राहायचं आणि खऱ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम शिकायचं. फक्त दुसऱ्या वर्षाच्या पोरांना घेतात. अर्ज दीड हजार, जागा बारा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नाही. सहा महिने पोरगी दुसरं काही बोलली नाही. जेवताना तेच, भांडी घासताना तेच. मलाही ती जायला हवी होती, लपवू कशाला? आमच्या घरातलं कुणीतरी या चादरींच्या पलीकडं जावं, असं मला फार वाटत होतं.

अर्जासोबत स्वतःच्या हातानं केलेल्या एका प्रयोगावर पानभर लिहायचं होतं. बारकीनं जर्नल काढलं. लंबकाचा प्रयोग तिनं खरोखर केला होता, पण उत्तर वेडंवाकडं आलेलं, त्यावर लाल शेरा. सगळ्यात स्वच्छ पान दिव्याचं होतं. तिनं तेच पाठवलं. पाठवण्याआधी दादाला दाखवलं, तर तो म्हणाला, "छान लिहिलंस गं." त्यालाही काही खटकलं नाही, बरं का. मला तर त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

पहिल्या चाळणीत नाव आलं. मुलाखत दुपारी, लॅपटॉपच्या पडद्यावर. मी रजा टाकली आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत बसले. सवय आहे, घड्या घातल्याशिवाय मला बसता येत नाही. पलीकडं एक बाई आणि एक म्हातारे गृहस्थ. वीस मिनिटं पोरगी फाडफाड उत्तरं देत होती. मग त्या बाईंनी अगदी सहज विचारलं, "दिवा लावल्या लावल्या कोणत्या रंगाचा दिसतो?"

बारकी अडखळली. "पिवळा."

"लगेच?"

"हो मॅडम. लगेच."

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "तुम्ही स्वतः लावला होता?"

माझ्या हातातला टॉवेल अर्धाच राहिला. मला प्रश्न कळला नव्हता, पण तिची मान मला पाठीमागून दिसत होती.

"हो," ती म्हणाली.

"बरं. धन्यवाद."

आठवड्यानं नकार आला. खाली एक ओळ जास्तीची होती. 'उमेदवाराने न केलेला प्रयोग केल्याचे सांगितले.' बारकीनं ती मला दाखवली आणि भर दुपारी पांघरूण घेऊन पडली.

"अगं, मग सांगायचं ना, दिवा बंद आहे म्हणून!" मी ओरडले.

"आणि आकडे कुठून आले विचारलं असतं तर? मामानं दिले म्हणून सांगू? कॉलेजला कळलं असतं, आई. तीन वर्षं राहिलीत त्याच्या नोकरीची."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी ड्यूटी सोडून थेट लॅब गाठली. दादा एकटाच होता, कापडानं काच पुसत.

"सोडियमचा दिवा लावल्यावर कोणता रंग दिसतो रे?" मी दारातूनच विचारलं.

"आधी लालसर गुलाबी," तो मान वर न करता म्हणाला. "मग हळूहळू पिवळा. दहा मिनिटं लागतात तापायला. का गं?"

मी सांगितलं. भांडायला गेले होते, चांगली तयारी करून. पण मुलाखतीपर्यंत पोचले आणि माझाच आवाज फुटला. तो स्टुलावर बसला.

"माझं नाव सांगायचं होतं तिनं," तो म्हणाला.

"तुझी भाची ना ती! तुझ्यासारखीच, स्वतःचं सोडून सगळ्यांचं बघणारी. तुझ्या दयेपायी माझी पोरगी खोटारडी ठरली, दादा. लेखी!"

बोलायला नको होतं. पण बोलले, आणि खोटं काही बोलले नाही. तो ऐकून घेत बसला, हातातलं कापड नुसतं चुरगाळत.

त्यानं संस्थेला पत्र पाठवलं. चूक माझी आहे, आकडे मी दिले, मुलीला दोष देऊ नये, असं सगळं. खाली स्वतःचं नाव, हुद्दा, कॉलेजचा पत्ता. नोकरीचा विचारही केला नाही वेड्यानं. उत्तर एका ओळीचं आलं, 'निवड पूर्ण झाली आहे.' कॉलेजला कुणी कळवलं नाही की काही नाही. एवढं मोठं कबूल केलं माणसानं, आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नाही.

सुट्टी लागली. बाराजण तिकडं गेले असतील. बारकी घरात पंख्याखाली पडून असायची आणि मी काही बोलले की "हं" म्हणायची. एक दिवस दादाचा फोन आला, "तिला घेऊन लॅबमध्ये ये." दुसऱ्या एका कॉलेजातला त्याचा दोस्त लॅब असिस्टंट आहे, त्याच्याकडून दोन दिवसांसाठी दिवा मागून आणला होता. वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडीवर धरून, तासभराचा प्रवास करून.

त्यानं अंधाऱ्या खोलीत दिवा लावला. गुलाबीच होता. बारकी तोंडावर हात ठेवून बघत राहिली. पिवळा झाल्यावर ती स्पेक्ट्रोमीटरला डोळा लावून बसली ती दोन तास. दादा तिच्यामागं उभा, हात पाठीशी बांधून. एकदाही उपकरणाला हात लावला नाही. मी दाराशी स्टूल घेऊन बसले होते, पाय दुखत होते, पण त्या दिवशी मीसुद्धा ते कुणाला ऐकवलं नाही.

मग तिनं हिशेब मांडला. पाचशे एक्क्याऐंशी. पुन्हा सगळी रीडिंगं घेतली, पुन्हा मांडला. पाचशे एक्क्याऐंशीच. कित्येक दिवसांनी पोरीच्या तोंडावर तजेला आला. "आई, हे माझं आहे," ती म्हणाली.

दादानं तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. "या उपकरणाचा स्क्रू ढिला आहे गं, आठ कमीच येतात त्याला," तो म्हणाला. "पाचशे एकोणनव्वद लिही."

बारकीचा पेन थांबला. खोलीत तिघंच होतो. ना सर, ना सही, ना परीक्षा. तिनं वळून त्याच्याकडं पाहिलं, आणि आपण काय बोललो ते तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं.

"अरे देवा," दादा म्हणाला. त्यानं टेबलाची कड धरली. "तोंडातून गेलं, बाळ. विचारसुद्धा केला नाही मी. आपोआप गेलं."

"असू दे, मामा."

"असू दे कसं? सव्वीस वर्षं. किती पोरं झाली असतील गं?" हे त्यानं मला विचारलं. माझ्या भावाची मला त्या क्षणी इतकी कीव आली की त्याच्याकडं बघवेना. बारकीनं पाचशे एक्क्याऐंशी लिहिलं आणि खाली रेघ ओढली.