ठिगळाखालचा चेहरा

राक्षसवाले काका सकाळपासून जेवले नव्हते. चार वाजता लेक येणार होती, आईला वृद्धाश्रमात घेऊन जायला. "बाबा, ती तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. परवा गॅस तसाच चालू ठेवून रस्त्यावर गेली," असं तिने फोनवर सुनावलं होतं. काकांनी हातापाया पडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की आईने आपल्याला एकदा, फक्त एकदा ओळखलं, तर तिला घरीच राहू द्यायचं.

राक्षसवाले हे नाव त्यांना धंद्यामुळे पडलं. उभी हयात त्यांनी राक्षसांच्या सिनेमांवरून कॉमिक्स काढली. सिनेमा आधी बघायला मिळेल तर शपथ! मालक चार काळेपांढरे फोटो टेबलावर आपटायचा आणि सोमवारपर्यंत बत्तीस पानं मागायचा. राक्षस हिरवा की तांबडा, हेही काकांनीच ठरवायचं. एकदा त्यांनी एकाला जांभळा रंगवला आणि पडद्यावर तो निघाला राखाडी. पोरांनी शिव्या घातल्या त्या थिएटरवाल्याला!

एका अंकात, राक्षसापुढे पळणाऱ्या बाईला त्यांनी बायकोचा चेहरा दिला. नवं नवं लग्न, दुसरं तोंड डोळ्यांपुढे येतंय कशाला! मालक भडकला. नटीसारखी दिसत नाही म्हणे. मग काकांनी मुकाट्याने आठही चौकटींत त्या चेहऱ्यावर कागदाचं ठिगळ चिकटवलं आणि त्यावर नटी काढली. तेव्हाची रीतच ती. अख्खं पान पुन्हा काढायला वेळ कुणाला होता? मूळ पानं मात्र त्यांनी जिवापाड जपली होती.

स्वतःचं तरुण तोंड दिसलं, तर त्यामागोमाग तिला नवराही आठवेल, अशी त्यांची वेडी आशा. किटलीच्या वाफेवर त्यांनी पहिलं ठिगळ धरलं. ठिगळ सुटलं, पण खालची शाई घेऊनच. मागे राहिला नुसता डिंकाचा पिवळा डाग. दुसरं, तेच. तिसरं, तेच. थांबावं की नाही माणसाने? पण काकांना थांबवेना. आठवं ठिगळ निघालं तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

"मीच पुसलं गं तुला," म्हणत काका हमसून हमसून रडायला लागले.

आवाज ऐकून काकू आतून आल्या. "काय झालं, आजोबा?" म्हणत त्यांनी पान उचललं. डागाकडे त्यांनी पाहिलंही नाही. राक्षसावर बोट ठेवलं आणि खुदकन हसल्या. "अगंबाई, हे तर आमचे हे!"

काका रडायचे थांबले.

"आरशासमोर अस्सा जबडा वासून बसायचे," काकू रंगात आल्या, "नाकपुड्या फुगवायचे आणि तेच तोंड कागदावर उतरवायचे. मी भाजी चिरता चिरता हसून मरायचे."

"अगं, मीच तो! मीच!" काकांनी त्यांचे हात धरले.

काकूंनी संकोचून हात सोडवून घेतले. "काहीतरीच काय! ते केवढे तरणेबांड."

दारावरची घंटा वाजली. काका होते तिथेच गुडघ्यांवर बसले. त्यांनी डोळे वटारले, नाकपुड्या फुगवल्या, कवळी निसटेपर्यंत जबडा वासला. गालांवरून पाणी वाहत होतं. घंटा पुन्हा वाजली, तरी ते तसेच राहिले.

काकूंनी बराच वेळ त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग मायेने खांद्यावर थोपटलं.

"राहू द्या, आजोबा, तुम्हाला नाही जमत," त्या म्हणाल्या. "हे घरी आले की करून दाखवतील."