गाडीत बसणारा गेटमन

आमच्या छोट्या लाइनीचे रूळ उखडून नेले, स्टेशनांवर बाभळी उगवल्या. किस्से मात्र कमी व्हायचं नाव घेत नाहीत! मी तिथे बुकिंग क्लार्क होतो, आता नाशिकरोडला आहे. रविवारी सिन्नर फाट्यावर आम्ही जुने लोक चहाला जमलो, की दोन-चार किस्से नवे निघतातच.

निम्मे किस्से गेटमन तात्यांचे. अडीच फुटी रुळांवरची आमची गाडी. प्रत्येक फाटकाला वेगळा माणूस कुठून आणणार? म्हणून तात्या गाडीतूनच फिरायचे. फाटक आलं की गाडी थांबायची. तात्या उतरून ते लावायचे, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तात्या फाटक उघडून पळत येऊन डब्यात चढायचे. वर्षानुवर्षं हेच! लाइन बंद होणार अशी आवई उठली की म्हणायचे, "भाऊ, मला दुसरं काय येतंय? माझं कसं व्हायचं?"

एकदा ड्रायव्हर दगूअण्णा तात्यांना न घेताच निघाले. पुढच्या फाटकाशी येऊन बघतात तर फाटक लावलेलं आणि तात्या झेंडी घेऊन उभे! दूधवाल्याच्या मोटारसायकलवर बसून पुढे आले होते. वर अण्णांनाच म्हणाले, "लय उशीर केला!"

अण्णाही काही कमी नव्हते. एका हॉल्टवर एक मावशी ओरडल्या, "अण्णा, थांब जरा! लेक सासरी चालली, लोणच्याची बरणी घरीच राहिली."

"लिंबाचं का आंब्याचं?"

"आंब्याचं."

"मग थांबतो!"

पुढे शेअर जीपा आल्या आणि डबे रिकामे पडले. एके दिवशी अख्ख्या गाडीत एकच प्रवासी. टीसींना इतका आनंद झाला की तिकीट राहिलं बाजूला, आधी गावाची चौकशी, मग कामधंद्याची.

तो ओशाळून म्हणाला, "जीप चालवतो साहेब. आज बंद पडली."

शेवटच्या फेरीला मात्र टपावरही जागा नव्हती. एक म्हातारबाबा चिडले, "एवढी गर्दी हाय, मंग बंद कशापायी करता?"

अण्णा म्हणाले, "बाबा, बंद करतोय म्हणून तर गर्दी!"

तात्यांची बदली झाली नाशिकरोडजवळ, मोठ्या लाइनीच्या गेटवर. साहेबांनी बजावलं, "महिनाभर बघतो. जमलं नाही तर लांब कुठेतरी पाठवीन." वहिनींनी तर क्वार्टरमागे मेथीसुद्धा पेरलेली! तात्या जीव मुठीत धरून काम करायचे. गेट लावायचं, एक्स्प्रेस धडधडत जायची, गेट उघडायचं. एकही चूक नाही. पण चहाला आले की चेहरा पडलेला. "सगळं बरं हाय हो, पण एकबी गाडी थांबत नाय!"

महिना संपता संपता एक मालगाडी गेट ओलांडून गेली आणि पुढच्या सिग्नलला थांबली. गार्डचा डबा गेटपासून हाकेच्या अंतरावर.

तासाभराने साहेब तपासणीला आले. गेट उघडं, वाहनं सुरळीत चाललेली, तात्यांचा पत्ता नाही! तेवढ्यात साहेबांचा मोबाइल वाजला.

"साहेब, काळजी नको, गेट बरोबर उघडून चढलोय," तात्या वाऱ्यात आवाज चढवून सांगत होते. "घोटी आलीय. पुढचं गेट कुठलं?"