काजं न केलेला शर्ट

मेडशीला एसटी थांबली होती, तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. "काका, आई गेली." खरं सांगतो, आधी सुटल्यासारखं वाटलं... कामरगावची माझी शोभावहिनी सूड घ्यायला आता उरली नव्हती.

भाऊ गेल्यावर वहिनीनं शिलाईचा कारखाना उभा केला. परदेशी ऑर्डरींचा दलाल आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांना ढाक्याशी, व्हिएतनामशी झुंजवून भाव पाडायचा. म्हणून तिन्हीकडचे कारखानदार कोलकात्यात भेटले. ठरलेल्या भावाखाली कुणीही शिवायचं नाही. शपथ म्हणून सगळ्यांनी मिळून एकच शर्ट केला. व्हिएतनामच्या बाईनं कापड कापलं, वहिनीनं शिवलं, ढाक्याच्या रुखसानाबाईंनी हातानं काजं केली. "हिच्या हाताले तोड नाई," वहिनी म्हणाली. इंग्रजी बोलणं, फोन करणं माझ्याकडे होतं.

पुढच्याच हंगामात दलाल मला म्हणाला, ढाक्यानं भाव उतरवलाय. रुखसानाबाईंचा नंबर माझ्याकडे होता. मी विचारलं नाही, वहिनीलाही सांगितलं नाही, आपलाही भाव उतरवून मोकळा झालो. दलाल खोटं बोलला होता. ढाक्याची ऑर्डर आमच्याकडे वळली आणि रुखसानाबाईंचा कारखाना बंद पडला. मग माझाच भाव व्हिएतनामला दाखवून त्यानं आमचीही ऑर्डर पळवली.

रुखसानाबाईंनीच वहिनीला फोन करून सगळं सांगितलं. वहिनी ओरडली नाही. "भाऊजी, तिले इचारलं काहून नाई?"

"घाई होती, वहिनी."

"घाई? फोन तं खिशातच होता तुमच्या!"

माझ्या पोरीच्या लग्नात तिनं मला आहेर केला. पांढरा शर्ट, कॉलर अशी की बघत राहावं, बटणं सगळी जागेवर... आणि काज एकही नाही. भरल्या मांडवात म्हणाली, "काजं ढाक्याहून करून आना, भाऊजी." लोकांना गंमत वाटली. मीही हसलो.

वाशीमच्या दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा माझ्याकडे बघून तिनं एवढंच विचारलं, "लागली का गुंडी?"

"नाही."

"मंग मी बी नाई सोडलं."

वहिनीचे दिवस झाले आणि मी इतकी वर्षं टाळलेला तो फोन रुखसानाबाईंना लावला. माफी मागितली. शर्ट पाठवतो, काजं करून द्याल का, म्हटलं. त्या तुटक हिंदीत म्हणाल्या, "शोभादीदीको जबान दिया है, आपका काज नहीं करूँगी. दीदी और मेरे बीच एक जबान तो रहने दो."

शर्ट खुंटीला आहे. वाऱ्यानं उघडतो, मिटत नाही.