विहिरीची ओळ
परवा जुन्या पुस्तकांची पेटी उघडली आणि बांधणीच्या खळीच्या वासाबरोबर मल्लेश्वरममधली साठ सालच्या सुमाराची एक दुपार आठवली. पेशवाईतला एक सरदार बायकोला वर्षानुवर्षं कोंडून ठेवतो, अशी एक कादंबरी तेव्हा आम्हा मराठी बायकांत घरोघर फिरत होती. एकीला रडू आवरेना, दुसरी म्हणाली, "असलं अभद्र घरात नको बाई," तिसरीला सरदाराचीच दया आली. शेजारणीला मात्र मी ती खिडकीच्या गजांतून वाचून दाखवायची, कारण तिचा नवरा कामावर जाताना बाहेरून कुलूप घालायचा, आणि शाळा कन्नडमधून झाल्यामुळे तिला मराठी नुसतं बोलता यायचं, वाचता येत नसे. कादंबरीच्या शेवटी ती बायको विहिरीत उडी घेते. शेजारणीच्या परसातही विहीर होती, आणि तिचं पाणी किती खोल असेल, असं तिने मला दोनदा विचारलं होतं. मी न अडखळता वाचलं, "तिने भावाला निरोप धाडला, आणि भावाने काही न विचारता तिला घरात घेतलं." "खरंच तसं लिहिलंय, अक्का? कुठं? दाखवा." मी विहिरीच्या ओळीवर बोट ठेवलं. ती अक्षरांकडे बघत राहिली, मग म्हणाली, "सरी, बरं. माझा थोरला अण्णा येलहंक्यात असतो. त्याला बोलवाल?" मी तशीच बस पकडली, आणि संध्याकाळी त्याने येऊन कुलूप तोडलं. त्या कादंबरीचा शेवट फार थोर आहे, असं लोक अजून म्हणतात. असेल. मला तो वाचवला नाही.