‘सायकलवरून पडून’ एवढीच नोंद

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, “मॅडम, टिबिअल प्लॅटू फ्रॅक्चर.” मग समजावून सांगितलं. गुडघ्याखालच्या मोठ्या हाडाचा वरचा भाग सपाट असतो. मांडीचं हाड त्यावर टेकतं आणि शरीराचा सगळा भार तिथून खाली जातो. माझ्या उजव्या पायातला हा सपाट भाग बाहेरच्या बाजूने खचला होता.

“हाड बसवता येते,” ते म्हणाले. त्यांची मातृभाषा तेलुगू; मराठी ते रुग्णांकडून शिकले होते. “गुडघा किती वाकेल, ते आज नाही सांगणार.”

दुपारचे साडेबारा वाजले होते. माझं वय चौपन्न. तेलंगणातल्या आदिलाबादमध्ये एका मराठी दैनिकाची वार्ताहर म्हणून बावीस वर्षं काम करते. घरी एकटी राहते. हे सगळं केसपेपरवर लिहिलं गेलं. अपघात कसा झाला तेही लिहिलं गेलं, आणि ते खोटं होतं.

खरं असं होतं. कापसाचा हंगाम सुरू होता. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या डाव्या कडेला ट्रॅक्टरांची रांग लागते, तशी ती त्या दिवशीही होती. रांग संपली की प्रवासी जीपा उभ्या असतात. त्यामुळे सायकलवाल्याला रस्त्याच्या मधोमध यावं लागतं. उजवीकडून लॉरी जात होती म्हणून मी जीपांना चिकटून चालले होते. एका जीपचं चालकाकडचं दार उघडलं. हँडल त्यावर आदळलं आणि मी उजव्या गुडघ्यावर पडले.

दार उघडणारा गंगाराम. तो आदिलाबाद ते बोथ जीप चालवतो. त्यानेच दोघांच्या मदतीने मला उचललं आणि त्याच जीपमधून एका खाजगी रुग्णालयात आणलं. काउंटरवरच्या नर्सने काय झालं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, बाई सायकलवरून पडल्या. नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.

आमच्याकडे बहुतेक लोक असंच सांगतात. वाहनाचा धक्का लागला म्हटलं की एम.एल.सी. होते, म्हणजे मेडिको-लीगल केस: रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं. पोलीस आल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत, असा समज इथे पक्का आहे. तो चुकीचा आहे. डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की उपचार लगेच सुरू होतात आणि नोंद त्यांच्यासोबत चालते. अपघाताच्या बातम्या लिहिणाऱ्या मला हे ठाऊक असायला हवं होतं. वाचणाऱ्यांपैकी कुणावर ही वेळ आली तर एवढं लक्षात ठेवावं.

पहिले पाच दिवस सूज उतरण्याची वाट बघण्यात गेले. सुजलेल्या पायावर चीर दिली तर जखम भरत नाही. दिवसातून अनेकदा नर्स येऊन पायाची बोटं हलवायला सांगे आणि घोट्याजवळची नाडी बघे. हे कंपार्टमेंट सिंड्रोमसाठी असतं: आतल्या सुजेचा दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटणं. तिसऱ्या दिवशी सी.टी. स्कॅन झालं. स्कॅनच्या खोलीबाहेर स्ट्रेचरवर मी चाळीस मिनिटं होते. भिंतीवर गर्भवतींसाठी तीन भाषांतली सूचना लावलेली होती. ती मी तिन्ही भाषांत वाचली.

शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर माझी सही पुरेशी होती, तरी खाली नातेवाईकाच्या सहीचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. भाऊ भैंशाला कापसाच्या जिनिंग कारखान्यात व्यवस्थापक आहे. हंगामाचे दिवस. तो सकाळच्या बसने आला, सही केली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि दुपारच्या बसने परतला. मी त्याला दोष देत नाही. सहाव्या दिवशी प्लेट आणि सात स्क्रू बसले.

कार्यालयातून फोन आले. प्रत्यक्ष रोज येणारा माणूस एकच होता, गंगाराम. दोन फेऱ्यांच्या मधे, साधारण साडेबाराला, तो डबा घेऊन येई. ज्वारीची भाकर, वरण, अंबाडीची भाजी. स्टुलावर बसे आणि मी जेवेपर्यंत उठत नसे. बोलणं थोडंच.

“बाई, तुमी अर्धी भाकर ठेवून राह्यल्या रोज,” तो एकदा म्हणाला. “घरी गेलो का बायको डबा उघडून पाह्यते अन् मलेच बोलते. उद्यापासून उरलेली मी रस्त्यानं खाऊन टाकीन, पन तुमी बी थोडा इचार करा.”

नर्सने त्याला माझा भाऊ समजून गोळ्यांच्या वेळा सांगितल्या. त्याने त्या पाठ केल्या. मी नर्सला दुरुस्त केलं नाही.

घरी आल्यावर बारा आठवडे नॉन-वेट-बेअरिंग होतं, म्हणजे त्या पायावर अजिबात भार टाकायचा नाही. वॉकर आणि एक पाय. एका पायावर चहा करता येतो, पण कप दुसऱ्या खोलीत नेता येत नाही. म्हणून मी ओट्याशी उभी राहून चहा प्यायची. सकाळी भांडी घासायला बाई येई, अर्ध्या तासात जाई. त्यानंतर दिवसभर दार वाजण्याचं कारण नसे. गंगाराम आठवड्यातून दोनदा डबा आणी. त्या दोन दिवशी मी केस विंचरत असे.

याच काळात मी नगरपालिकेला अर्ज लिहिला. इथे जुने लोक अजूनही त्याला दरखास्त म्हणतात. मागणी साधी होती: बसस्थानक ते कापूस बाजार या रस्त्यावर डाव्या कडेला सायकलींसाठी वेगळी पट्टी आखावी, वाहनं आत येऊ नयेत म्हणून खांब रोवावेत, आणि हंगामात ट्रॅक्टरांची रांग रस्त्याऐवजी बाजाराच्या आवारात लावावी. पत्रावर शेवटी लिहिलं की मी स्वतः या रस्त्यावर जखमी झाले आहे.

दहा दिवसांनी तिथल्या इंजिनिअरचा फोन आला. माणूस सभ्य होता. त्याने सांगितलं की असा प्रस्ताव सभेपुढे ठेवायचा तर त्या रस्त्यावरच्या सायकल अपघातांची नोंद लागते. त्याने पोलिसांची यादी पाहिली, रुग्णालयाकडूनही विचारून घेतलं.

“मॅडम, एकही नाही,” तो म्हणाला. “तुमचंही नाव आहे, पण पडून जखमी म्हणून. पडण्याला नगरपालिका काय करणार?”

फोन ठेवल्यावर मला माझंच काम आठवलं. बावीस वर्षं मी संध्याकाळी रुग्णालयांना फोन करून अपघात विचारत आले. मोटारसायकल, लॉरी, बस असं काही असेल तर लिहून घ्यायची. पलीकडचा माणूस “एक सायकलवरून पडलेला” म्हणाला की ते सोडून पुढचा अपघात विचारायची. त्याची बातमी होत नसे. किती जण मी असे ओलांडले, ते सांगता येणार नाही, कारण मी ते कुठेही लिहिलेलं नाही.

फिजिओथेरपी तेराव्या आठवड्यात सुरू झाली. तिथे गोनिओमीटर नावाचं कोनमापकासारखं साधन असतं, त्याने गुडघा किती वाकतो ते मोजतात. पहिल्या दिवशी माझा गुडघा पंचावन्न अंश वाकला. सायकलचं पॅडल मारायला साधारण एकशे दहा लागतात.

प्रतीक्षेच्या बाकावर खांद्याला पट्टा बांधलेल्या सुलोचनाबाई बसत. त्या अंगणवाडी सेविका. मी विचारलं, कशाने झालं. कागदावर पडून असं आहे, त्या म्हणाल्या. मग स्वतःच पुढे बोलल्या.

“पंधरा वर्सं झाली, सायकल चालवून राह्यली मी. पोरायचा खाऊ घेऊन, पावसापान्यात. अशी उगाच काऊन पडीन मी?”

त्यांना मागून ऑटोने ढकललं होतं, त्याच रस्त्यावर. ऑटोवाला ओळखीचा निघाला म्हणून घरच्यांनी पडल्याचं सांगितलं. पलीकडे मनगटाला प्लास्टर घातलेले लक्ष्मणराव बसले होते, एका शाळेचे निवृत्त शिपाई. त्यांनी न विचारताच सांगितलं की त्यांच्याही कागदावर तेच आहे, आणि आपण तिघांनी मिळून पडणाऱ्यांचं मंडळ काढावं. त्यांच्यामुळे आणखी दोघं सापडली. सगळ्यांच्या कागदांवर एकच कारण, सगळी एकाच रस्त्यावर जखमी झालेली.

मी डॉक्टरांना विचारलं, नोंद बदलता येते का. जुनी नोंद खोडता येत नाही, ते म्हणाले. रुग्णाने लेखी जबाब दिला तर तारीख टाकून तो सोबत जोडता येतो, ती पुरवणी नोंद होते. “पण मग मला पोलिसांना कळवावं लागेल. ते गाडी कोणती विचारतील. तुम्ही सांगणार का?”

बाकीचे चौघं जबाब द्यायला तयार होते, पण माझा जबाब आला तरच. बाई, पहिली सही तुमची, असं लक्ष्मणराव स्पष्ट म्हणाले होते.

तीन आठवडे मी काही केलं नाही. या काळात गंगाराम सहा वेळा आला. प्रत्येक वेळी मी ठरवलं की आज सांगायचं आणि प्रत्येक वेळी डबा धुऊन परत दिला. त्याच्या पोटावर पाय नको म्हणून थांबले आहे, असं मी स्वतःला सांगत असे. खरं कारण हे होतं की महिन्याभरात माझ्या दारात स्वतःहून येणारा तोच एक माणूस होता.

सातव्या वेळी सांगितलं. तो उंबऱ्याशीच उभा होता. पोलीस येतील, गाडी ठाण्यात ठेवतील, हेही सांगितलं.

“दार मीच उघडलं ना,” तो म्हणाला. “लिवा तुमी. फकस्त बायकोले आदी मी सांगतो. तिले दुसऱ्याच्या तोंडून कळलं त बरं नाही दिसत.”

दुसऱ्या दिवशी मी जबाब लिहिला. गाडीचा नंबर लिहिला. चालकाने मला स्वतः रुग्णालयात आणलं आणि माझी काळजी घेतली, हेही लिहिलं. त्याच्या पाठोपाठ चार जबाब आले. पोलिसांनी गंगारामला दोनदा बोलावलं. जीप काही दिवस ठाण्यात उभी होती. प्रकरण अजून निकाली निघालेलं नाही.

तो परत आला नाही. मी फोन केला, त्याने उचलला नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा केला, तेव्हा त्याच्या बायकोने उचलला. ते गाडीवर गेले, एवढं म्हणून तिने ठेवला. साडेबाराला मला भूक लागत असे. ती सवय जायला वेळ लागला.

प्रस्ताव सभेपुढे आला तेव्हा मी काठी घेऊन चालत होते. गुडघा अठ्ठ्याण्णव अंशांवर थांबला होता. डॉक्टरांनी सांगितलं की याच्या पुढे फार जाणार नाही, म्हणजे सायकल बहुधा नाही. इंजिनिअरने पाच जबाब क्रमाने वाचून दाखवले. एक सदस्य म्हणाले की हे सगळे सायकलवाले आहेत, एका बाजूचंच बोलणार. गाड्यांच्या मधून घुसतात आणि मग रस्त्याला नावं ठेवतात.

मागच्या रांगेतून कुणीतरी उठलं. गंगाराम होता. तो कधी येऊन बसला, मी पाहिलं नव्हतं. त्याला बोलण्याची परवानगी आहे की नाही यावर थोडी कुजबुज झाली, तोवर तो बोलला होता.

“त्या बाईची सायकल सरळ चालली होती. दार मी उघडलं, मागं पाह्यलं नाही. पाह्यलं असतं तरी त्यायले जायाले तिथं जागाच नव्हती.”

आणि तो खाली बसला.

पट्टी प्रायोगिक तत्त्वावर मंजूर झाली, बसस्थानकापासून पहिल्या चौकापर्यंत. आखणी अजून झालेली नाही. खांब आणि ट्रॅक्टरांच्या रांगेचा प्रश्न पुढच्या सभेवर ढकलला आहे. नगरपालिकेने तो ढकलत राहू नये, यासाठी हे लिहिलं आहे. ज्यांच्या कागदावर ‘पडून’ असं लिहिलेलं आहे, त्यांनी जबाब द्यावा. उशिरा दिला तरी तो जोडून घेतात.

सभा संपली तेव्हा जिन्यावर गर्दी होती आणि मला हळू उतरावं लागतं. खाली पोचले तोवर गंगाराम निघून गेला होता. त्याचे आभार मानायचे राहिले. ते इथे मानते.