वरच्या फळीवरची बाटली

आमच्या पनवेलच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये रिसर्चपेक्षा किस्सेच जास्त साचतात. रिसर्चचे पेपर निदान जर्नलकडे जाऊन परत तरी येतात, किस्से जाणार कुठे!

काम सांगायला सोपं. पाण्यात अगदी बारीक पूड मिसळायची आणि ती तळाशी बसते का, हे बघत राहायचं. कण एकमेकांना ढकलत राहिले तर तरंगतात, चिकटले तर बसतात. माझ्याबरोबर काम करणाऱ्या शबानाची अख्खी पीएचडी एवढ्यावरच! सहा महिने काहीही बसता कामा नये.

*

एकदा डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून मी नळाचं पाणी घातलं. पाच मिनिटांत दूध नासावं तसे गोळे! आमचे गाइड पाटकर सर बाटलीकडे बघतच राहिले.

"अरे शहाण्या, नळाच्या पाण्यातले क्षार कोण मोजणार? तुझे काका?"

*

मग मुंबईहून कमिटी आली. एका मॅडमनी विचारलं, "जगभर इतकी वर्षं यावर रिसर्च चाललाय. मग कण बसणार की नाही, हे आधी सांगता येतं ना?"

सर म्हणाले, "थिअरीप्रमाणे येतं, मॅडम. पण कणांनी थिअरी वाचलेली नसते!"

ग्रँट मात्र मिळाली!

*

शबानाची पहिली बॅच आठवड्यातच तळाशी बसली. ती टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. "अब्बा दोहाहून रोज फोन करतात, झालं का म्हणून. काय सांगू?"

लॅब झाडणाऱ्या शिरढोणच्या हिरामावशींनी तिला चहा आणून दिला. "रडू नको गो पोरी. व्हईल सगला नीट."

*

दुसरी बॅच म्हणजे चमत्कारच! चोवीस बाटल्या, सहा महिने, सगळ्या दुधासारख्या एकजीव. बसली ती फक्त एक, सगळ्यात वरच्या फळीवरची. सर एकेक बाटली वाकून बघत गेले. "अगं, हे कुणालाच जमलेलं नाही!"

ती वरची बाटली बिघडलेली ठरवून आम्ही बेसिनमध्ये ओतून टाकली.

*

थिसिस छापून, बाइंड होऊन आला. सोमवारी सबमिशन. शबानाने पहिला पेढा मावशींच्या हातावर ठेवला.

मावशींचे डोळे भरून आले. "तू त्या दिशी रडलीस ना, मना बघवला नाय. तवापासून रोज सकाली सगल्या बाटल्या हालवून ठेवते. वरच्या फलीवर तेवडा माजा हात नाय पोचत."